मंडळात आणलेला कॅनडा

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी दर पाच मिनिटांनी सांगते, असं नवरा म्हणतो. ते खोटं आहे. दहा तरी मिनिटं जातात. आई चौथीपर्यंत शिकली, वडील दुसरीतून गुरं राखायला गेले, आणि मी सोलापूरला खोली घेऊन बीएस्सी झाले, पुढे एमसीए केलं. आता पार्सिपनीत राहते आणि एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते. पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पाहुणे आधी गणपतीला नमस्कार करतात, मग मान वर करून ते वाचतात. वाचून होईपर्यंत मी चहा आणत नाही.

हे आधीच सांगितलं, कारण पुढे जो घोळ झाला तो शिकल्यामुळे झाला. न शिकलेल्या माणसाला एवढा घोळ घालायला सुचतच नाही.

आमच्या मराठी मंडळात पाच गावांतली माणसं आहेत: पार्सिपनी, आयसेलिन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो आणि जर्सी सिटी. मागच्या वर्षापर्यंत अध्यक्ष थेट सगळ्यांनी निवडायचा असा रिवाज होता, आणि सगळे एका काकांनाच निवडायचे. काका मूळचे पुण्याचे, चाळीस वर्षं इथे, आणि त्यातली निम्मी अध्यक्ष. मागच्या वर्षी त्यांच्याविरुद्ध प्रथमच कुणीतरी उभं राहिलं आणि मंडळ मधोमध उभं चिरलं. वॉट्सअ‍ॅप ग्रुपचे तीन ग्रुप झाले. गणपतीच्या आरतीला दोन तबकं, दोन टोकांना दोन गट, आणि एक गट मुद्दाम एक कडवं पुढे. बाप्पांना कुठे बघावं कळेना. काका जिंकले, पण दमले. "आता दुसरं कुणी तरी बघा," ते म्हणाले. असं ते दर वर्षी म्हणायचे, पण या वेळी म्हणताना त्यांचा आवाज खरा वाटला.

मला अध्यक्ष व्हायचं होतं. आडपडदा कशाला? व्हायचंच होतं. दिवाळीला आई पहिल्यांदा अमेरिकेला येणार होती, आणि तिनं खाली पहिल्या रांगेत बसावं, मी वर माइकसमोर उभं राहावं, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इतकं पक्कं, की एका रविवारी फोनवर मी तिला सांगून टाकलं, "आई, या वर्षी मीच अध्यक्ष. तू येशील तेव्हा माझं भाषण ऐकशील." निवडणुकीची तारीखसुद्धा ठरली नव्हती. चार दिवसांत चुलतभावानं गावच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. माझा फोटो, भोवती झेंडूच्या माळा, आणि 'अमेरिका अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. 'अमेरिका' एवढं मोठं की एसटीतून वाचता यावं. 'मराठी मंडळ' कोपऱ्यात, चष्मा लावून शोधावं लागेल असं. खाली तेवीस शुभेच्छुक.

आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

माझी धाकटी बहीण कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतात राहते. त्याच सुमारास ती तिथल्या प्रांताच्या निवडणुकीत एका पक्षासाठी बर्फात दारोदार हिंडून आली होती आणि रोज संध्याकाळी फोनवर तासभर तेच सांगायची.

"ताई, इथे मुख्यमंत्र्याला कुणी मत देतच नाही."

"मग तो होतो कसा?"

"आपापल्या मतदारसंघातला एक आमदार निवडायचा. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो आला. निम्मी मिळालीच पाहिजेत असं नाही. मग ज्या पक्षाचे आमदार जास्त, त्याचा नेता मुख्यमंत्री. प्रीमियर म्हणतात. आणि नेता कोण, ते पक्षाच्या सभासदांनी आधीच ठरवलेलं असतं."

"दिल्लीत जो पक्ष तोच का? म्हणजे तुमच्या ओटावात."

"नाव कधी कधी तेच, पण संसार वेगळा. एकाच आडनावाच्या दोन घरांसारखं. लग्नाला बोलावतात, पण चुली वेगळ्या."

"आणि राज्यपाल?"

"नायब राज्यपाल. राजाचा प्रतिनिधी. तो जिंकलेल्या नेत्याला म्हणतो, या, सरकार बनवा."

हे सगळं मी ऐकलं, पण डोक्यात एकच वाक्य राहिलं: मुख्यमंत्र्याला कुणी मत देतच नाही. अध्यक्षासाठी मतच नाही, म्हणजे भांडणच नाही! मी दोन वीकेंड बसून चौतीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं आणि लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत मंडळापुढे मांडलं. पाच गावं म्हणजे पाच मतदारसंघ. प्रत्येकातून एक सदस्य. पक्ष काढायचे, नेते निवडायचे, ज्या पक्षाचे सदस्य जास्त त्याचा नेता अध्यक्ष.

चौतिसावी स्लाइड संपल्यावर काकांनी चष्मा काढला. "अगं, हे तर आपल्या विधानसभेसारखं आहे. मुंबईत हेच चालतं. यात कॅनडा कुठून आला?"

खरं सांगते, चौतीस स्लाइड करताना ही गोष्ट माझ्या एकदाही लक्षात आली नव्हती.

"महाराष्ट्रासारखं नको हां," मागून कुणीतरी ओरडलं. "सदस्य पळवून रिसॉर्टमध्ये नेतील."

"कॅनडात नाही पळवत," मी म्हणाले. रात्रीच बहिणीला विचारलं होतं. "कधी कधी एखादा दुसऱ्या पक्षात उडी मारतो, पण सॉरी म्हणून मारतो."

कॅनडा या शब्दातच काहीतरी थंडावा आहे. हात वर झाले. ठराव पास.

पक्ष निघायला आठवडा लागला नाही, कारण मंडळात खरा वाद एकच होता आणि तो वीस वर्षं चालू होता: दिवाळीच्या कार्यक्रमाला जेवण घरून करून आणायचं की बाहेरून मागवायचं. माझा पॉटलक पक्ष. काकांना राहवलं नाही, "दुसरं कुणी बघा" म्हणणारे काका केटरिंग पक्षाचे नेते झाले. तिसरा निघाला वेळेवर पक्ष. त्यांचं म्हणणं, काहीही खा, पण सहाचा कार्यक्रम सहाला सुरू करा. त्यांचे नेते जर्सी सिटीत राहणारे एक गृहस्थ. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ते वीस मिनिटं उशिरा आले. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीनं, जिला सगळ्यांनी मिळून निवडणूक अधिकारी केलं होतं, त्यांचा अर्ज घ्यायचा की नाही यावर पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "अंकल, आय विल अलाव इट. बट धिस इज नॉट अ गुड लुक फॉर युअर पार्टी."

मी आणि काका दोघंही पार्सिपनीतून उभे. आणि मग एका संध्याकाळी नवरा भांडी लावता लावता म्हणाला, "मी पण उभा राहिलोय."

"कुठे?"

"पार्सिपनीतून. वेळेवर पक्षाकडून. त्यांना इथे उमेदवारच मिळत नव्हता. तुझ्याच एकविसाव्या स्लाइडवर आहे."

होतं. कॅनडात मोठे पक्ष जमेल तिथे प्रत्येक मतदारसंघात माणूस उभा करतात, जिंकायची आशा नसली तरी. तो प्रचार करत नाही, नुसतं मतपत्रिकेवर नाव. कागदी उमेदवार. ते वाक्य मीच टाइप केलं होतं, आणि बाजूला हसऱ्या माणसाचं चित्रही मीच चिकटवलं होतं.

"तू प्रचार नाही ना करणार?"

"मी? मी मत तुलाच देणार आहे."

मग आई आली. नेवार्क एअरपोर्टवर व्हीलचेअरवरून उतरली आणि पहिला प्रश्न, "मतदान कदी हाय?" तिला सगळं समजवायला मी लॅपटॉप उघडला. सातव्या स्लाइडला तिनं मला थांबवलं.

"आदी मेंबर, मग मेंबरातनं सरपंच. असंच ना?"

"हो, पण आई..."

"मग येवढी चित्रं कशापायी काढलीस?"

आई महिला राखीव वॉर्डातून एकदा ग्रामपंचायतीची मेंबर होती. हे मी अमेरिकेत दर पंधरा मिनिटांनी सांगते.

नायब राज्यपाल कोण, हा प्रश्न राहिला होता. ज्याला मत नाही, ज्याचा कुठला पक्ष नाही, आणि ज्याच्यापुढे आवाज चढवायला लाज वाटेल असं माणूस पाहिजे. काकांनीच आईचं नाव सुचवलं. मी वरवर "अहो कशाला" म्हटलं आणि आतून हरखले. राज्यपाल आपल्याच घरात, आपल्याच पोळ्या खाणार! आईनं एवढंच विचारलं, "खुर्ची मिळंल का?" मिळेल म्हटल्यावर ती तयार झाली, आणि त्या दिवसापासून मी प्रचाराचं काही बोलायला लागले की हात वर करायची. "मला सांगू नगंस. मी कुणाचीच न्हाई."

"आई, मी तुझी मुलगी आहे."

"मतमोजणीनंतर."

प्रचार मी कॅनडाच्या पद्धतीनं केला. हातात पॅड आणि पेन, शनिवारी सकाळी दारोदार. बहिणीनं सांगितलं होतं की तिथे दोन मिनिटांत बोलून पुढच्या दारावर जायचं असतं. इथे पहिल्याच घरी चहा, चिवडा आणि मुलाच्या कॉलेजच्या अर्जाची चर्चा. अकरा वाजेपर्यंत चार घरं आणि पाच कप. अंगणात लावायच्या पाट्याही केल्या: माझं नाव, पॉटलक पक्ष, आणि वाफाळलेल्या पातेल्याचं चित्र. शेजारच्या गोऱ्या आजींनी विचारलं, "व्हॉट आर यू रनिंग फॉर, डिअर?" मी म्हटलं, "प्रीमियर." त्या म्हणाल्या, "हाऊ लव्हली," आणि एक पाटी मागून घेऊन स्वतःच्या हिरवळीत रोवली. त्यांना वाटलं पातेलं म्हणजे गरिबांना फुकट जेवण देणारं सूप किचन.

माझा अंदाज होता, मी दहा मतांनी येईन.

मतदान एका शाळेच्या कॅफेटेरियात, शनिवारी दुपारी. एक काउंटर, पाच डबे. डबे म्हणजे राइस कुकरची खोकी, वर फट पाडलेली, प्रत्येकावर गावाचं नाव. लेकीनं पुठ्ठ्याचे आडोसे केले होते आणि पेन्सिली बांधून ठेवल्या होत्या. आई मधोमध खुर्चीवर, इरकल नेसून, मांडीवर पर्स, कुणाकडेही न बघता. वेळेवर पक्षाचे नेते मतदान संपल्यानंतर सात मिनिटांनी पोचले. टर्नपाइकवर ट्रॅफिक होता म्हणाले. त्यांचं स्वतःचं मत त्यांच्या पक्षाला मिळालं नाही.

मतमोजणी झाली. आयसेलिन: पॉटलक. तिथून आमच्या एक मावशी उभ्या होत्या. गेली तीस वर्षं साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून त्यांचा आवाज असा झालाय की न बोलावता माणूस आत येतो. प्लेन्सबरो: पॉटलक. तिथला आमचा उमेदवार नागपूरचा एक इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेला. पिस्कॅटवे: पॉटलक. जर्सी सिटी: केटरिंग. पाचांत तीन आमच्या! मी उठून उभी राहिले, पदर सारखा केला, आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होती.

"पार्सिपनी," लेक वाचायला लागली. "केटरिंग पार्टी, फोर्टीन. पॉटलक पार्टी, थर्टीन." मग ती थांबली आणि बापाकडे बघितलं. "वेळेवर पार्टी... इलेव्हन."

नवऱ्याला अकरा मतं! जो माणूस एकाही दारावर गेला नाही, ज्याची एकही पाटी नाही, ज्यानं मतदानाच्या दिवशी फक्त खुर्च्या मांडल्या, त्याला अकरा. आणि मी एका मतानं पडले.

मी परत मोजायला लावलं. लेकीनं परत मोजलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली, "मॉम, द नंबर इज नॉट गोइंग टु फील बॅड फॉर यू."

चहाच्या वेळी उलगडा झाला. एक वहिनी हळूच जवळ आल्या. "रागावू नको हं. मला वाटलं, तू तर येतेच आहेस. भाऊजींना एकही मत नाही पडलं तर कसं दिसेल चारचौघांत? म्हणून मी आपलं एक..." त्यांच्या मागे दुसरी. "अय्या, मी पण म्हणूनच." तिसरे एक जण म्हणाले, "त्यांनी माझ्या गाडीची बॅटरी जंपस्टार्ट केली होती हो." असं करत नऊ जण झाले. नऊ माणसांनी, एकमेकांना न सांगता, दया म्हणून मत दिलं होतं. लोकशाहीत दयेची लाट येते हे मी कुठल्याच स्लाइडवर घातलं नव्हतं.

"तू स्वतःला दिलंस ना?" मी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं.

"देवाशप्पथ तुला दिलं."

तो खरं बोलत होता. चेहऱ्यावरून कळतं. राहिली दोन. दहावं कुणाचं ते अजून कळलेलं नाही.

पण अजून सगळं संपलं नव्हतं. पक्ष जिंकला होता. मी बहिणीला तिथूनच फोन लावला.

"होतं असं," ती म्हणाली. "पक्ष येतो आणि नेता स्वतःच्या जागेवर पडतो. मग पक्षातला कुणी तरी आमदार राजीनामा देतो, तिथे पोटनिवडणूक लावतात आणि नेता तिथून उभा राहतो."

"तोवर?"

"तोवर जागा नसली तरी प्रीमियर राहता येतं. कायद्यात बसतं. पण लवकर निवडून यावं असा रिवाज आहे."

मी माझे तीनही सदस्य गोळा करायला निघाले. पिस्कॅटवेचे सदस्य मला बघून पार्किंग लॉटमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. राहिले दोघं.

"तू देशील का रे राजीनामा?" मी नागपूरकराला विचारलं. "तुला तर उभंही राहायचं नव्हतं. मीच ओढून आणलं."

"हो ना ताई, पण आता कसं करू?" त्यानं फोन दाखवला. "आईला व्हिडिओ कॉल केला होता ना रिझल्टच्या वेळी. तिथे आता पहाट आहे, अन् ती शेजाऱ्यांना उठवून उठवून पेढे वाटून राहिली. पहाटे पेढे कुठून आणले काय माहीत."

त्याच्या फोनच्या पडद्यावर खरंच एक बाई दार वाजवत होती. मी मावशींकडे वळले.

"मावशी, तुम्ही?"

"मी?" मावशी दुकानातल्यासारख्या हसल्या. "अगं बाई, चोवीस मतांनी आलेय मी. दुकानात येणाऱ्या बायकांना काय सांगू, मिळालेलं परत केलं? आमच्याकडे बदलून मिळत नाही."

म्हणजे राहिला एकच मार्ग: जागा नसतानाच अध्यक्ष. आणि तो मार्ग आमच्या गेस्टरूममध्ये झोपत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात पिठल्याला कांदा चिरत होती. मी समोर बसले. "आई, तू मला बोलव. म्हणजे राज्यपाल म्हणून. सरकार बनवायला. जागा नसली तरी चालतं, मी विचारलंय. सभेचा विश्वास, पक्षाचा विश्वास असला की झालं. दिवाळीनंतर बघू पोटनिवडणुकीचं."

आईनं सुरी खाली ठेवली. "येक सांग. खरं सांग. तू मत कुणाला दिलंस?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो आता वाचेल. आडोशामागे पेन्सिल हातात घेतली तेव्हा मला वाटलं, मी दहा मतांनी येतेय. आणि हा माणूस सकाळपासून खुर्च्या मांडतोय. घरी गेल्यावर शून्य घेऊन जेवायला बसेल. मुलीच्या देखत. एका मतानं माझं काय जाणार होतं?

"त्याला," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कांद्याचं नव्हतं ते.

"आई, हसू नको!"

"मला सांगत होतीस, सभेचा इस्वास, पक्षाचा इस्वास. अगं, तुझा सोताचा सोतावर इस्वास न्हाई. तूच तुला मत दिलं न्हाईस, तर मी कशी बोलवू तुला?"

"पण दिलं असतं तरी बरोबरीच झाली असती! चौदा-चौदा!"

"ते झालं असतं मग बगितलं असतं. मी मेंबर होते तवा सगळ्यात आदी माझं मत मला घातलं. तुझ्या बापाचं मत दुसरं. तो म्हणायचा, शून्य पडलं तर पडू दे, पर आपलं आपल्याला पायजे." तिनं सुरी उचलली. "ज्याच्याकडं जागा हाय त्यालाच मी बोलवणार. पक्षानं नाव द्यावं."

"अगं गावात फ्लेक्स लागलाय, आई!"

"तो पावसानं कवाच फाटला. घे, लसूण सोल."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. एका घरात राहून, एकाच टेबलावर जेवून, राज्यपालांशी अबोला. ती मजेत होती. नातीबरोबर टीव्हीवर बेसबॉल बघायची आणि पंचाच्या चुका काढायची.

तिसऱ्या दिवशी पक्षाची बैठक झाली आणि पक्षानं मावशींचं नाव दिलं. आईनं त्यांना रीतसर आमच्या सोफ्यावर बोलावलं, हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "बनवा सरकार." मावशी अध्यक्ष झाल्या. काका विरोधी पक्षनेते, आणि खरं म्हणजे ते अध्यक्ष असतानापेक्षा जास्त खूश दिसत होते. आता त्यांना फक्त बोलायचं होतं.

आणि मी? मी पक्षाची नेता, सभेबाहेर. म्हणजे सगळं काम माझं आणि माइक दुसऱ्याचा.

दिवाळीच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला तेव्हा बहिणीनं फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे नवं अधिवेशन सुरू होतं तेव्हा पहिलं भाषण प्रीमियर करत नाही, नायब राज्यपाल करतात. सरकार काय काय करणार ते सगळं सरकार लिहून देतं, आणि राज्यपाल 'माझं सरकार' असं म्हणत वाचून दाखवतात.

मी हे मावशींना सांगितलं. "मग लिही ना तूच," त्या म्हणाल्या. "मला शिऱ्याचं बघायचंय."

मी लिहिलं. दोन पानं, मोठ्या टायपात, अवघड शब्द काढून. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला वाचता येईल असं. आई रोज दुपारी हॉलमध्ये उभी राहून, बोट ओळीवर ठेवून सराव करायची, आणि सोफ्यावर माझी लेक, जिला मराठी वाचता येत नाही, आवाजावरून मार्क द्यायची. "आजी, लाउडर. अँड डोन्ट लुक ॲट युअर फीट."

दिवाळीला शाळेचं ऑडिटोरियम भरलं. साडेसहा वाजले होते, म्हणजे मंडळाच्या मानानं आम्ही लवकरच होतो. मी पहिल्या रांगेत. जिथे आई बसणार होती, त्याच खुर्चीत मी. आई वर. इरकल, कपाळावर मोठं कुंकू, माइक तिच्या उंचीला आणताना नागपूरकराची तारांबळ. तिनं कागद उघडला, चष्मा चढवला आणि थांबली.

माझ्या ओठांवर पहिली ओळ होती. तिला आठवली नाही तर मी खालून देणार होते.

"माझं सरकार," आई म्हणाली, आणि ते असं म्हणाली की मागच्या रांगेतली पोरं फोनवरून वर बघायला लागली. "माझं सरकार या वर्षी जेवण घरचं देईल. प्रत्येक पदार्थावर त्यात काय आहे ते लिहील. माझं सरकार लहान मुलांना आधी वाढेल." बोट ओळीवरून सरकत होतं. एकही शब्द अडला नाही. दुसऱ्या पानाच्या शेवटी आली, कागद मिटला, आणि मला वाटलं आता उतरेल.

"हे लिवलेलं झालं," ती म्हणाली. "आता मी सांगते. माझं सरकार पुढच्या साली कार्यक्रम सहाला चालू करंल. साडेसहाला येणाऱ्याला बाहेर उभं करंल."

वेळेवर पक्षाचे नेते टाळ्या वाजवायला लागले. ते तेव्हाच दारातून आत येत होते.

काका उभे राहिले. "पॉइंट ऑफ ऑर्डर! राज्यपालांनी लिहून दिलेलंच वाचायचं असतं. हे भाषणात नाही!"

"तुमाला भाषण पायजे तर आदी निवडून या," आई माइकमधून म्हणाली.

"अहो, मी आलोय निवडून!"

"मग जेवून बोला."

सभागृह हसून कोसळलं. काकाही बसता बसता हसत होते. मावशी पडद्याआडून शिऱ्याचा डाव हलवत "अजून, अजून" म्हणत होत्या. आणि आईनं, माझ्या आईनं, जिला आयुष्यात ग्रामसभेच्या पुढे माइक मिळाला नव्हता, अख्ख्या ऑडिटोरियमकडे एकदा उजवीकडून डावीकडे बघून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ही समोर बसलीया ती माझी लेक," ती म्हणाली. "ती पडली. येका मतानं. पर हे भाषण तिनं लिवलंय. बगा, अक्षर किती वळणदार काढलंय. शिकलेलं माणूस हाय." आणि तिनं कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला.

अक्षर प्रिंटरचं होतं. मी उठून उभी राहिले, मागे वळले आणि टाळ्यांना नमस्कार केला.